हार हात्सोफीमची बाग आणि जुने ग्रंथालय

येरुशलाईमला पाहुणे आले की आपण त्यांना कोतेलला नेतो, हार हेर्झल दाखवतो, वेळ उरला तर महाने येहूदाच्या बाजारात फिरवतो. हार हात्सोफीमवर मात्र सहसा कोणी कोणाला नेत नाही. आपल्यापैकी बरेच जण तेथे गेले असतील ते हदास्सा हॉस्पिटलात, तपासणीचा कागद हातात घेऊन. काम झाले की पहिल्या बसने परत.

त्याच डोंगरावर, हॉस्पिटलापासून फार लांब नाही, हिब्रू युनिव्हर्सिटीच्या आवारात दोन जुन्या जागा आहेत. एक म्हणजे बाग. तिच्यात परदेशातून आणलेली शोभेची झाडे नाहीत, या देशाच्या मातीत आपोआप उगवणारी झाडेच तेवढी आहेत. दुसरी एक दगडी इमारत. तिच्यात आज कायदा शिकणारी मुले बसतात, पण ती कायद्यासाठी बांधलेली नव्हती. ती आपल्या लोकांच्या राष्ट्रीय ग्रंथालयासाठी बांधली होती. पुस्तके तेथे पुरती वीस वर्षेही नांदली नाहीत. या दोन जागांची हकीकत आज सांगतो. तिच्यात मुंबईचा एक धागा आहे, आणि शेवटी आपल्या घरच्या कपाटांशीही ती येऊन पोहोचते.

डोंगर आणि निकानोरची गुहा

हार हात्सोफीम म्हणजे पाहणाऱ्यांचा, टेहळणीचा डोंगर. पश्चिमेला तोंड केले की जुने शहर आणि बेथ हामिक्दाशची जागा समोर दिसते. पूर्वेला तोंड केले की यहुदाचे वाळवंट उतरत जाते आणि हवा स्वच्छ असेल तर खाली मृत समुद्र व पलीकडे मोआबचे डोंगर दिसतात. एकीकडे शहर आणि दुसरीकडे रान अशा धारेवर ही जागा आहे. येरुशलाईमवर चालून आलेल्यांनी याच उंचीवरून शहर न्याहाळले. इसवी सन 70 मध्ये तीतसच्या सैन्याची छावणी येथेच होती.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या डोंगरावर लिव्हरपूलचा एक वकील, सर जॉन ग्रे हिल, याने घर बांधले. त्याची बायको कॅरोलाइन चित्रे काढीत असे आणि वाळवंटाचे तिला वेड होते. त्यांच्या जमिनीत 1902 मध्ये खडकात कोरलेली एक प्राचीन थडग्याची गुहा सापडली. आत हाडे ठेवण्याच्या दगडी पेट्या होत्या. त्यांतील एकीवर ग्रीक लिपीत असे कोरलेले होते की ही दारे करणाऱ्या अलेक्झांड्रियाच्या निकानोरच्या घरच्यांची हाडे आहेत. खाली हिब्रू अक्षरांत निकानोरचे नाव होते. ती पेटी आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.

निकानोरची गोष्ट तालमूदात येते. बेथ हामिक्दाशसाठी पितळेची दोन मोठी दारे घेऊन तो अलेक्झांड्रियाहून जहाजाने निघाला. समुद्र खवळला. भार हलका करण्यासाठी खलाशांनी एक दार पाण्यात लोटले, तरी वादळ थांबेना. ते दुसऱ्या दाराला हात घालू लागले तेव्हा निकानोर त्याला मिठी मारून बसला आणि म्हणाला की टाकायचे तर मलाही याच्याबरोबर टाका. तेव्हा समुद्र शांत झाला. जहाज अक्को बंदराला लागले तेव्हा बुडालेले दार जहाजाच्या तळाखालून वर आले. पुढे मंदिराची बाकीची दारे सोन्याने मढवली गेली, पण ही दोन पितळेचीच ठेवली, कारण त्यांच्यासाठी चमत्कार झाला होता.

नवगावच्या किनाऱ्याला फुटलेल्या जहाजाची आठवण सांगत आलेल्या आपल्या समाजाला ही गोष्ट परकी वाटायला नको. समुद्राने नेलेले आणि किनाऱ्याला लागलेले, दोन्हींचा हिशोब आपण पिढ्यान्‌पिढ्या ठेवला आहे.

मुंबईचे प्रोफेसर

पहिल्या महायुद्धाच्या काळात ग्रे हिलची जागा झायोनिस्ट चळवळीकडे आली. 24 जुलै 1918 रोजी, तुर्कांशी लढाई अजून संपलेली नसताना, डॉ. खाईम वाइझमन यांनी जनरल ॲलनबी यांच्या उपस्थितीत तेथे युनिव्हर्सिटीचे पायाचे दगड बसवले. पाया तर घातला, आता नकाशा कोणी काढायचा? त्या कामासाठी पॅट्रिक गेडेस या स्कॉटिश गृहस्थांना बोलावण्यात आले.

मुंबईचा धागा तो हाच. गेडेस मूळचे वनस्पतिशास्त्रज्ञ. स्कॉटलंडमधील डंडी येथे अनेक वर्षे ते वनस्पतिशास्त्राचे प्रोफेसर होते. पुढे शहरांचे नियोजन हा त्यांचा ध्यास झाला. 1914 मध्ये ते हिंदुस्थानात यायला निघाले तेव्हा नगररचनेच्या प्रदर्शनाचे त्यांचे सारे सामान, नकाशे, चित्रे, वर्षानुवर्षे जमवलेले कागद, वेगळ्या जहाजातून येत होते. ते जहाज जर्मन युद्धनौका एम्डेनने बुडवले. गेडेस हताश झाले नाहीत. मित्रांच्या मदतीने त्यांनी नवे प्रदर्शन जमवले आणि ते हिंदुस्थानातील शहरांतून फिरवले. इंदूर, बडोदे, लखनौ अशा अनेक शहरांची पाहणी करून त्यांनी अहवाल लिहिले. त्यांची पद्धत साधी होती. आधी गल्लीबोळांतून पायी हिंडावे, लोक कसे राहतात ते पाहावे, मगच पेन्सिल हातात घ्यावी. जुने घर पाडण्यापूर्वी ते वाचवता येईल का, हा त्यांचा पहिला प्रश्न असे.

1919 मध्ये मुंबई युनिव्हर्सिटीने समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्राचे नवे आसन निर्माण केले आणि त्यावर गेडेस यांची नेमणूक झाली. पुढे नावारूपाला आलेले डॉ. गोविंद सदाशिव घुर्ये हे त्यांचे विद्यार्थी. त्याच 1919 साली गेडेस येरुशलाईमला येऊन गेले आणि हार हात्सोफीमसाठी नकाशा त्यांनी तयार केला. म्हणजे ज्यांनी आपल्या युनिव्हर्सिटीचे पहिले चित्र काढले, ते 1924 पर्यंत मुंबईला शिकवीत होते. ओव्हल मैदानासमोरच्या राजाबाई टॉवरचे ठोके तुमच्यापैकी ज्यांनी ऐकले आहेत, त्यांनी ही गोष्ट मनात ठेवावी. त्या टॉवरखालीही ग्रंथालयच आहे.

मुंबईचा आणि हिब्रूचा संबंध त्याहून जुना आहे. हार हात्सोफीमवर युनिव्हर्सिटी उघडण्याच्या कितीतरी आधी मुंबई युनिव्हर्सिटीत हिब्रू विषय घेऊन विद्यार्थी परीक्षेला बसत, आणि आपले जोसेफ इझिकेल राजपूरकर तेथे हिब्रूचे परीक्षक होते. प्रार्थनेची किती पुस्तके त्यांनी मराठीत आणली ते आपण जाणतोच.

गेडेस यांचा आराखडा भव्य होता. मध्यभागी षटकोनी, मोठ्या घुमटाचा सभामंडप, आणि डोंगराच्या चढउताराला धरून भोवती इमारती. त्यांचे जावई फ्रँक मेअर्स हे वास्तुशिल्पी त्यांच्याबरोबर होते. पण पैसा नव्हता. घुमटाचा सभामंडप कागदावरच राहिला. त्या चित्रातून प्रत्यक्षात उतरलेल्या मोजक्या इमारतींपैकी मुख्य म्हणजे ग्रंथालय.

वोल्फसोनचे घर

1 एप्रिल 1925 रोजी, निसान महिन्याच्या सातव्या दिवशी, लॉर्ड बाल्फर यांच्या हस्ते युनिव्हर्सिटीचे उद्घाटन झाले. वाळवंटाकडे तोंड करून असलेल्या उघड्या प्रेक्षागारात वाइझमन, बियालिक, राव कूक अशी मंडळी बसली होती. त्याच्या दोन वर्षे आधी, फेब्रुवारी 1923 मध्ये, अल्बर्ट आइन्स्टाइन यांनी ग्रे हिलच्याच घरात व्याख्यान दिले होते. पहिले वाक्य त्यांनी हिब्रूत म्हटले आणि पुढे फ्रेंचमध्ये बोलले.

युनिव्हर्सिटी उघडली, पण ग्रंथालय तिच्याहून वयाने मोठे होते. त्याची सुरुवात 1892 मध्ये येरुशलाईममध्ये बने ब्रिथ संघटनेने चालवलेल्या वाचनालयात झाली. त्याला खरे बळ दिले ते दूरच्या बियालिस्तोक गावच्या एका डॉक्टरांनी. त्यांचे नाव योसेफ खझानोविच. स्वतःची कमाई त्यांनी पुस्तकांवर खर्च केली आणि हजारो पुस्तके पेट्या भरभरून येरुशलाईमला पाठवली. रोग्यांकडूनही ते पुस्तके मागून घेत असत. त्यांचा अंत 1919 मध्ये गरिबीत, परमुलखात झाला. त्यांनी पाठवलेली पुस्तके मात्र येथे सुखरूप होती. पुढे हे संग्रहालय 'राष्ट्रीय आणि युनिव्हर्सिटी ग्रंथालय' झाले. तत्त्वज्ञ ह्यूगो बर्गमन हे त्याचे प्रमुख होते, आणि काबालाचे मोठे अभ्यासक म्हणून जगाला माहीत झालेले गेर्शोम शोलेम यांनी येरुशलाईमला आल्यावर पहिली नोकरी धरली ती याच ग्रंथालयात.

डोंगरावरील नवी इमारत डेव्हिड वोल्फसोन यांच्या नावाने झाली. लिथुआनियात जन्मलेले, लाकडाचा व्यापार करून वर आलेले वोल्फसोन हे हेर्झल यांच्यानंतर झायोनिस्ट संघटनेचे दुसरे अध्यक्ष. आपल्या ध्वजाचे निळे-पांढरे रंग तालीथवरून घ्यावेत ही सूचना त्यांची मानली जाते. 1914 मध्ये ते वारले. त्यांच्या मागे राहिलेल्या पैशातून ग्रंथालयाचे घर उभे राहिले. मेअर्स यांच्याबरोबर येरुशलाईमचे वास्तुशिल्पी बेंजामिन चाईकिन यांनी ते काम पाहिले. एप्रिल 1930 मध्ये ते उघडले. खझानोविच यांची पुस्तके अखेर आपल्या घरात आली.

देशी झाडांची बाग

पुढच्याच वर्षी, 1931 मध्ये, ग्रंथालयाच्या शेजारी डोंगरावर वनस्पतींची बाग सुरू झाली. ती सुरू करणाऱ्यांत वयोवृद्ध प्रोफेसर ओटो वारबुर्ग होते. योगायोग असा की तेही झायोनिस्ट संघटनेचे अध्यक्ष होऊन गेलेले, वोल्फसोन यांच्यानंतरचे तिसरे. एका अध्यक्षाच्या नावाने पुस्तकांचे घर, दुसऱ्याच्या हाताने झाडांचे घर.

बागेचा खरा कष्टकरी मात्र अलेक्झांडर आइग. या वनस्पतिशास्त्रज्ञाने मिखाएल झोहारी आणि नाओमी फाइनब्रून या तरुण सहकाऱ्यांना घेऊन देशभर पायी हिंडून झाडाझुडपांची नोंद केली. त्यांनी बाग लावली तीही वेगळ्या विचाराने. भायखळ्याची आपली राणीची बाग आठवा. तेथे लांबलांबच्या देशांतील झाडे आणून लावली, आणि ती बघायला लोक येतात. आइग यांच्या बागेत सुमारे 25 दुनाम जागेत फक्त या देशाची झाडे, आणि तीही रानात ज्या सोबतीने वाढतात त्याच सोबतीने. डोंगरउतारावरची झाडी एकीकडे, वाळवंटातली झुडपे दुसरीकडे, वाळूतली तिसरीकडे. ओक, एला, हारूव, जैतून, त्यांच्या पायथ्याशी हिवाळ्यात उगवणारे राकेफेत आणि कलानीत. तनाखमध्ये जी नावे आपण लहानपणी फक्त वाचली, ती झाडे तेथे शेजारी शेजारी उभी आहेत.

निकानोरची गुहा याच बागेत आहे. मेनाखेम उस्सिश्किन यांच्या मनात होते की ती राष्ट्राच्या थोर पुरुषांचे विश्रांतिस्थान व्हावी. 1934 मध्ये 'आत्ममुक्ती'चा विचार मांडणारे डॉ. लिओन पिन्स्कर यांच्या अस्थी ओडेसाहून आणून तेथे ठेवल्या. 1941 मध्ये स्वतः उस्सिश्किन वारले आणि त्यांनाही तेथेच पुरले. त्यांच्यानंतर कोणीही नाही. कारण थोड्याच वर्षांत डोंगरावर जाण्याची वाटच बंद झाली.

आइग 1938 मध्ये वारले, वारबुर्गही त्याच वर्षी. बागेला तेव्हा सातच वर्षे झाली होती.

वाट बंद झाली

13 एप्रिल 1948, पेसाहच्या आधीच्या दिवसांतील सकाळ. हदास्सा हॉस्पिटल आणि युनिव्हर्सिटीकडे निघालेल्या गाड्यांच्या ताफ्यावर शेख जर्राह येथे हल्ला झाला. डॉक्टर, नर्सेस, विद्यार्थी, कामगार, पहारेकरी मिळून 78 माणसे मारली गेली. हॉस्पिटलचे प्रमुख डॉ. खाईम यास्की त्यांत होते. त्यानंतर डोंगरावरचे नेहमीचे जीवन थांबले.

जुलै 1948 मध्ये करार झाला आणि युनायटेड नेशन्सच्या देखरेखीखाली हार हात्सोफीम निःशस्त्र बेट ठरले. चारी बाजूंना जॉर्डनच्या ताब्यातील मुलूख आणि मध्ये आपला तुकडा. ऐंशीच्या आसपास इस्राएली पोलीस आणि तीसेक नागरिक, एवढ्यांनाच वर राहण्याची परवानगी होती. दर पंधरा दिवसांनी मांडेलबाउम फाटकातून बंद गाड्यांचा ताफा वर जाई, जुनी तुकडी खाली येई आणि नवी वर राही. असे 19 वर्षे चालले.

प्राण्यांचीही दैना झाली. येरुशलाईमचे बायबल प्राणिसंग्रहालय 1947 मध्येच डोंगरावर हलवले होते. वेढ्यात त्यांना खाणे मिळेना. बहुतेक प्राणी गेले. जे थोडे वाचले ते 1950 मध्ये खाली शहरात आणले.

आणि पुस्तके? तनाखच्या जुन्या प्रती, हस्तलिखिते, खझानोविच यांच्या पेट्यांतून आलेले ग्रंथ, सगळे वर अडकले. खाली युनिव्हर्सिटी बेघर झाली होती. रेहाविया भागात फ्रान्सिस्कन पाद्र्यांच्या तेर्रा सांता कॉलेजात भाड्याने खोल्या घेऊन वर्ग भरत. शिकणारे होते, शिकवणारे होते, ग्रंथालय डोंगरावर. मग पहारा बदलून खाली येणाऱ्यांबरोबर पुस्तके येऊ लागली. पाठीवरच्या पिशवीत, कपड्यांच्या घडीत, जसे जमेल तसे. पुढे अधिक प्रमाणात ती उतरली. तेर्रा सांतामध्ये जागा पुरेना म्हणून शहरात ठिकठिकाणी कोठारे घेऊन ती ठेवली गेली. 1960 मध्ये गिवात रामला नवे ग्रंथालय तयार झाले तेव्हा ती पुन्हा एका छपराखाली आली.

येथे मला निकानोर आठवतो. समुद्राने दार मागितले तेव्हा तो दाराला धरून बसला. पहारेकऱ्यांनीही तेच केले. नावे आपल्याला माहीत नाहीत, पण घरी परतताना खांद्यावर स्वतःचे सामान थोडे कमी आणि पुस्तक एक जास्त घ्यावे असे ज्यांना वाटले, त्यांच्यामुळे ग्रंथालय जगले.

बागेला मात्र खाली आणता येत नव्हते. झाडे पिशवीत भरता येत नाहीत. ती वरच राहिली. पण आइग यांनी लावली होती ती या मातीचीच झाडे. त्यांना जे पाणी हवे ते पावसाळ्यात मिळत होते आणि उन्हाळ्यात तहान सोसण्याची त्यांना पिढीजात सवय होती. परदेशी फुलांची बाग असती तर पहिल्या दोन उन्हाळ्यांतच तिचे सरपण झाले असते.

खाली झोहारी आणि फाइनब्रून यांनीही काम थांबवले नाही. देशातील वनस्पतींचा मोठा ग्रंथ त्यांनी हाती घेतला. त्याचा पहिला खंड 1966 मध्ये निघाला, म्हणजे जेथे त्यांची बाग होती तो डोंगर अजून हाताबाहेरच होता तेव्हा.

नवे भाडेकरू

जून 1967 मध्ये वाट उघडली. त्याच महिन्याच्या अखेरीस डोंगरावरच्या जुन्या प्रेक्षागारात यित्झाक राबिन यांना युनिव्हर्सिटीने सन्माननीय डॉक्टरेट दिली. त्यानंतर वर्षानुवर्षे बांधकाम चालले आणि 1981 मध्ये किल्ल्यासारखे दिसणारे आजचे आवार पुरे झाले. ग्रे हिलच्या काळच्या शांत डोंगराचे रूप त्यात पार हरवले.

मग वोल्फसोन यांच्या घराचे काय करायचे? राष्ट्रीय ग्रंथालय गिवात रामला स्थिरावले होते. लाखो पुस्तके पुन्हा वर चढवणे कोणाला परवडणार? रिकामी इमारत पडू लागते हे आपल्याला सांगायला नको. कोकणात ज्या घरात दिवा लागत नाही त्याची कौले किती लवकर सरकतात ते आपण पाहिले आहे. तेव्हा त्या इमारतीत कायद्याची शाखा आली. ही शाखा स्थापन झाली 1949 मध्ये, युनिव्हर्सिटी डोंगरावरून उतरल्यानंतर. म्हणजे डोंगर तिचा कधी नव्हताच. ज्यांचे घर होते ते परतले नाहीत आणि ज्यांचे नव्हते त्यांनी ते सांभाळले. आज कायद्याची मुले तेथे बसतात, त्यांचे ग्रंथालयही तेथे आहे. वाचणे चालू आहे, वाचनाचा विषय बदलला एवढेच.

राष्ट्रीय ग्रंथालयाने त्यानंतर आणखी एकदा बिऱ्हाड हलवले. ऑक्टोबर 2023 मध्ये क्नेसेतजवळच्या नव्या इमारतीत ते उघडले. मोठा समारंभ ठरला होता, पण युद्ध सुरू झाले म्हणून गाजावाजा न करताच दारे उघडली. 1892 चे वाचनालय, मग डोंगर, मग तेर्रा सांता आणि कोठारे, मग गिवात राम, आता हे. एवढी घरे बदलूनही ग्रंथालय तेच आहे. भिंती म्हणजे ग्रंथालय नव्हे, हे त्यातून दिसते. भिंतींना नवा रहिवासी मिळाला की त्याही जगतात.

मुंबईत, अलिबागेत, पनवेलला, पुण्याला आपली जी प्रार्थनालये अजून उभी आहेत, त्यांची काळजी आपण येथे बसून करतो. मिनयान जमत नाही असे ऐकले की जीव तुटतो. ज्या जागेत पूर्वीचे काम होत नाही तेथे दुसरे चांगले काम सुरू करणे म्हणजे जागेचा अपमान असे काहींना वाटते. हार हात्सोफीमवरील ते जुने घर पाहिले की मला तसे वाटेनासे होते. वापरात असलेली इमारत उभी राहते. तेथे पूर्वी काय होते हे सांगणारे कोणी असले म्हणजे झाले.

आपली कपाटे

आता शेवटची गोष्ट. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची.

आपण या देशात आलो तेव्हा सामानात थोडी पुस्तके होती. मराठी भाषांतरासह छापलेली हगादा, राजपूरकरांची प्रार्थनापुस्तके, तेहिलीम, कीर्तनांच्या वह्या, 'इस्राएलाइट' किंवा 'मॅकबी'चे अंक, लग्नपत्रिका, पाठीमागे मोडी अक्षरात नावे लिहिलेली छायाचित्रे. मराठी हगादा मुंबईत 1846 मध्ये छापली गेली आणि पुण्यात 1874 मध्ये. त्या काळी आपल्या समाजाने स्वतःच्या खर्चाने, स्वतःच्या भाषेत पुस्तके काढली ही लहान गोष्ट नव्हे. हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी आपल्या समाजाचा इतिहास 1897 मध्ये लिहून ठेवला, पण तो छापून निघाला 1937 मध्ये, आणि तोही तेल अवीवला. चाळीस वर्षे ते हस्तलिखित कोणीतरी जपले म्हणून आज आपण त्यातील उतारे काढू शकतो.

ही पुस्तके आज दिमोना, अश्दोद, लोद, बेएरशेबा येथील कपाटांच्या वरच्या फळीवर आहेत. नातवंडांना मराठी वाचता येत नाही. बोललेले थोडे समजते, छापलेले अजिबात नाही. आपल्यानंतर घर रिकामे करायला जे कोणी येतील त्यांना त्या पिवळ्या कागदांत आणि जुन्या वर्तमानपत्रांत फरक दिसणार नाही. त्यात त्यांचा दोष नाही. कोणी सांगितलेच नाही तर त्यांना कळणार कसे?

इस्राएलमध्ये छापलेल्या पुस्तकाची आणि नियतकालिकाची प्रत राष्ट्रीय ग्रंथालयात जमा करावी असा येथील कायदा आहे. त्यामुळे येथे जे छापले ते राहील. पण आपल्या आजोबांनी भायखळ्याहून किंवा रेवदंड्याहून आणले त्याला तो कायदा लागू नाही. ते आपण दिले तरच जाईल.

म्हणून माझी वाचकांना विनंती आहे. या सणाच्या सफाईत वरची फळी एकदा खाली काढा. पुस्तकाच्या पहिल्या पानाआड एक चिठ्ठी ठेवा आणि तिच्यावर शक्य तर हिब्रूत लिहा की हे पुस्तक काय आहे, कोणाचे होते, कोणत्या गावाहून आले. एक नातवंड जवळ बसवा आणि त्यातील एक पान त्याला मोठ्याने वाचून दाखवा. अर्थ कळला नाही तरी आवाज लक्षात राहील. मग घरच्यांना विचारून ठरवा की ते घरी ठेवायचे, आपल्या समाजाच्या संस्थेला द्यायचे की राष्ट्रीय ग्रंथालयाला पत्र लिहून विचारायचे. फक्त ठरवायचे राहून गेले असे होऊ देऊ नका.

आणि पुढच्या वेळी हदास्साला तपासणीसाठी हार हात्सोफीमवर गेलात आणि पाय चालत असतील, तर बागेपर्यंत जा. पावसाळा संपता संपता गेलात तर दगडांच्या फटीत राकेफेत फुललेले असेल. ते तेथे कोणी आणून लावले हे आता तुम्हाला माहीत आहे.